लाल विंचू, महाड आणि रक्तदाबाची एक गोळी

कोकणात विंचू कुणाला नवा नाही. भाताच्या पेंढ्यात, रचलेल्या लाकूडफाट्यात, गोवऱ्यांच्या ढिगात, जांभ्याच्या चिऱ्यांच्या फटीत, कौलांखाली तो असायचाच. नवखा माणूस मोठी काळी इंगळी पाहून दचकतो. तिचा डंख झोंबतो, रात्रभर जागवतो, पण जीव सहसा घेत नाही. जाणत्यांना धास्ती असते ती तिच्यापुढे किरकोळ दिसणाऱ्या, तांबूस-पिवळ्या, पाच ते नऊ सेंटिमीटर लांबीच्या विंचवाची. शास्त्रीय नाव मेसोबुथस टॅम्युलस. हल्ली तो हॉटेन्टोटा टॅम्युलस या नावानंही ओळखला जातो. आपल्या बोलण्यात लाल विंचू.

त्या विंचवाच्या दंशावरच्या उपचाराचं हे प्रकरण आहे. रायगड जिल्ह्यातल्या महाड परिसरात, १९७६ ते २०११ या काळात ते उलगडत गेलं. आजाराची यंत्रणा रुग्णाच्या खाटेजवळ कशी समजते, त्यातून उपचार कसा निघतो, आणि तो उपचार चालतो हे कशावरून म्हणायचं, असे तीन प्रश्न त्यात आहेत. तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. या हकिगतीच्या गौरवपर आवृत्त्यांतून नेमका तोच गळालेला असतो.

दंशानंतर काय होतं

दंश बहुधा रात्री होतो, हाताला किंवा पायाला. उन्हाळ्यात जास्त. बहुतेकांचं दुखणं दंशाच्या जागेपुरतं राहतं: असह्य कळ, चमका, मुंग्या, आणि दुसऱ्या दिवशी माणूस कामाला. काही रुग्णांत मात्र गोष्टी वेगळ्या वळणानं जातात, आणि यातली चकवणारी बाब अशी की, ज्याचं पुढे गंभीर होणार आहे त्याला दंशाच्या जागी फारसं दुखत नाही. घरच्यांना वाटतं, थोडक्यात निभावलं.

मग उलटी होते. घाम इतका सुटतो की कपडे पिळून काढावे लागतात. तोंडातून लाळ गळते. मुलग्यांत आणि पुरुषांत लिंग ताठरतं आणि तसंच राहतं; हे लक्षण लाजेपोटी सांगितलं जात नाही आणि अनेक डॉक्टर ते पाहतही नसत. सुरुवातीला नाडी मंद असू शकते. हा टप्पा थोडा वेळ टिकतो. त्यानंतर हातपाय थंडगार पडतात, नाडी पळू लागते, रक्तदाब चढतो. रुग्ण अस्वस्थ असतो, पण शुद्धीत असतो, बोलतो. यापुढे काही तासांत खोकला, धाप, आणि शेवटी तोंडावाटे गुलाबी फेस. फुप्फुसात पाणी भरलेलं असतं. रक्तदाब आता खाली येऊ लागतो, आणि तो खाली येण्यात दिलासा काहीच नसतो.

महाडच्या परिसरात मरणाऱ्यांत लहान मुलं बरीच असत. त्याचं कारण साधं आहे: विष तेवढंच, शरीर लहान.

आधी काय करत

गावात विंचू उतरवणारे होते, आणि त्यांची ख्याती पोकळ नव्हती, म्हणजे लोकांच्या अनुभवाला धरून होती. लाल विंचवाचेसुद्धा बरेच दंश विषबाधा न होता बरे होतात. इंगळीचे तर जवळजवळ सगळेच. त्यामुळे मंत्र टाकला आणि उतार पडला, असं दहातल्या बहुतेक वेळा खरोखरच दिसत असे. उरलेल्यांचं खापर नशिबावर किंवा उशिरावर फुटे. हे लक्षात ठेवायला हवं, कारण मांत्रिकाला जो निकष लावायचा तोच डॉक्टरच्या गोळीलाही लावावा लागेल.

दवाखान्यात परिस्थिती फार बरी नव्हती. विंचूदंशात फुप्फुसात पाणी भरतं, ही नोंद महाराष्ट्रातून ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९६१ साली मुंडले यांनी केली होती. इस्रायलमध्ये बेरशेबा इथं मोशे गुएरॉन आणि सहकारी तिकडच्या पिवळ्या विंचवाच्या दंशात हृदयावर काय परिणाम होतो, लघवीत कॅटेकोलामाइनांचे, म्हणजे ॲड्रेनलिनच्या जातीच्या रसायनांचे, अंश कसे वाढतात, हे मांडत होते. म्हणजे माहितीचे तुकडे उपलब्ध होते. पण उपचार म्हणून जे दिलं जाई ते ऐकून आज अंगावर काटा येतो. तीन गुंगीच्या औषधांचं मिश्रण, ज्याला ‘लायटिक कॉकटेल’ म्हणत, रुग्णाला शांत करायला दिलं जाई. त्यानं आधीच धापणाऱ्या माणसाची श्वासाची उरलीसुरली धडपडही दबे. घाम आणि लाळ थांबवायला ॲट्रोपिन. त्यानं नाडी आणखी पळे. सवयीनं दिलं जाणारं स्टेरॉइड; त्याचा फायदा कधी दिसला नाही. नाडी आवरायला बीटा-ब्लॉकर. ते का घातक ठरतं ते पुढे येईल.

यातलं प्रत्येक औषध एकेका लक्षणावर उत्तर होतं. घाम येतोय, घाम थांबवा. नाडी पळतेय, नाडी रोखा. लक्षणं एका साखळीतली आहेत आणि साखळीत कुठं हात घालायचा हे आधी ठरवायला हवं, हा विचार त्यात नव्हता.

बिरवाडी

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. वैद्यकीय शिक्षण नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. मराठवाड्यातून आलेल्या या तरुण डॉक्टरला इथं विंचवानं माणसं मरताना दिसली. पुढे त्यांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. केलं आणि ते परत महाडलाच आले. हे परत येणं मला या प्रकरणातली एक वैद्यकीय घटनाच वाटते. असे रुग्ण सातत्यानं जिथं येतात ती जागा सोडून अभ्यास करता आला नसता. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात सुरुवातीपासूनच्या सहकारी. बहुतेक निबंधांवर दोघांची नावं आहेत.

आरोग्य केंद्रात रक्तातलं ॲड्रेनलिन मोजण्याची सोय असणं शक्यच नव्हतं. हाताशी होतं ते रक्तदाबाचं यंत्र, स्टेथोस्कोप, घड्याळ आणि स्वतःचा तळवा. बावस्करांनी काय केलं, तर रुग्णाजवळ बसून क्रम नोंदवला. आधी काय, मग काय, किती वेळानं. कुणाला नंतर हृदयाचा त्रास झाला आणि कुणाला नाही. १९८२ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध आला, त्याचा विषय होता हृदयावरच्या संकटाची आगाऊ सूचना देणारी चिन्हं. उलटी, दरदरून घाम, लाळ, लिंगाची ताठरता आणि थंड पडलेले हातपाय. ही दिसली तर रुग्ण वरवर बरा वाटला तरी सोडायचा नाही.

हा निबंध मला त्यांच्या गोळीवरच्या, १९८६ च्या गाजलेल्या निबंधाइतकाच मोलाचा वाटतो, पण त्याची आठवण कमी काढली जाते. त्यात औषध नाही, म्हणून असेल. पण आजार आता टप्प्यांत मांडला गेला होता, आणि टप्पे कळल्याशिवाय कोणतं औषध कधी द्यायचं हा प्रश्नच उभा राहत नाही. पुढे त्यांच्या वर्गवारीत ते स्पष्ट झालं: पहिली पायरी म्हणजे फक्त जागेवरचं दुखणं, दुसरी म्हणजे स्वायत्त मज्जासंस्थेचं (आपल्या इच्छेविना घाम, नाडी, रक्तदाब चालवणाऱ्या मज्जातंतूंचं) वादळ, तिसरी फुप्फुसात पाणी, चौथी रक्तदाब कोसळणं.

यंत्रणा

लाल विंचवाच्या विषात लहान प्रथिनांचं मिश्रण असतं. मज्जातंतूच्या पेशीवर सोडियम आणि पोटॅशियमच्या आवकजावकीसाठी सूक्ष्म दारं असतात. विषातली काही प्रथिनं सोडियमचं दार वेळेवर बंद होऊ देत नाहीत. काही पोटॅशियमचं दार अडवतात. दोन्हीचा परिणाम एकच: एकदा पेटलेला मज्जातंतू विझत नाही, पुन्हा पुन्हा पेटत राहतो. या विषातून १९९० साली वेगळं काढलेलं इबेरिओटॉक्सिन नावाचं ३७ अमिनो आम्लांचं प्रथिन पोटॅशियमचं एक विशिष्ट दार इतकं नेमकं अडवतं की जगभरच्या प्रयोगशाळांत ते हत्यार म्हणून वापरलं जातं. आपल्याकडच्या अंगणातल्या विंचवाचं विष असं बाटलीबंद होऊन परदेशी संशोधकांच्या शीतकपाटात बसलेलं असतं, हे जाता जाता.

पेटलेल्या मज्जातंतूंत स्वायत्त संस्थेचे दोन्ही पक्ष येतात. आधी ॲसिटिलकोलिन या मज्जातंतूंतून सुटणाऱ्या रसायनाचा जोर: उलटी, घाम, लाळ, मंद नाडी. तो ओसरतो. मग ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन यांचा पूर येतो आणि तो टिकतो. इथून पुढे माणसाला विष थेट मारत नाही. त्याच्या स्वतःच्या शरीरातली ही रसायनं मारतात.

रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अल्फा नावाचे ग्राही असतात. त्यांना नॉरॲड्रेनलिन चिकटलं की वाहिनी आवळते. सगळीकडच्या वाहिन्या एकदम आवळल्या की हातपाय थंड पडतात, रक्तदाब चढतो, आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याला त्या आवळलेल्या जाळ्यात रक्त ढकलावं लागतं. विहिरीवरची मोटार चालू ठेवून पाइपाचं तोंड आवळून धरावं, तशी त्याची गत होते. त्यात ही रसायनं हृदयाच्या स्नायूलाही इजा करत असतात. डावा कप्पा थकला की रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. तिथून तो गुलाबी फेस.

साखळीला आणखी एक कडी आहे. अल्फा ग्राही उद्दीपित झाले की स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटणं दबतं. साखर वाढते, मेदाम्लं रक्तात उतरतात, आणि इंधनाच्या ऐन गरजेच्या वेळी हृदयाच्या स्नायूला ग्लुकोज वापरता येत नाही. मुंबईत के.ई.एम. रुग्णालय आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. के. राधाकृष्ण मूर्ती यांनी कुत्र्यांवर आणि सशांवर प्रयोग करून ही बाजू उभी केली. त्यावरून त्यांनी इन्सुलिन आणि ग्लुकोजचा उपचार सुचवला. कल्पना भक्कम होती. पण तो उपचार शिरेतून, सतत साखर तपासत करावा लागतो. मध्यरात्री, बत्तीच्या उजेडात, एका परिचारिकेच्या भरवशावर चालणाऱ्या केंद्रात ते जमणं कठीण. एकाच यंत्रणेतून निघालेल्या दोन वाटांपैकी कोणती रुळते, हे अनेकदा औषधाच्या गुणापेक्षा दवाखान्याच्या ऐपतीवर ठरतं.

आता बीटा-ब्लॉकरचं. ॲड्रेनलिनचे बीटा ग्राही हृदयाला जोर देतात आणि काही वाहिन्या सैल ठेवतात. ते बंद केले की अल्फाची आवळण तशीच राहते, उलट तिला आडकाठी उरत नाही, आणि हृदयाचा जोर मात्र जातो. अधिवृक्क ग्रंथीच्या, ॲड्रेनलिन ओतत राहणाऱ्या फिओक्रोमोसायटोमा या गाठीच्या रुग्णांत हीच चूक घातक ठरते, म्हणून तिथं आधी अल्फा रोखायचा आणि मग बीटा, असा नियम आहे. विंचूदंश म्हणजे काही तासांपुरता उसना आलेला फिओक्रोमोसायटोमा, असं म्हटलं तर वैद्यकाच्या विद्यार्थ्याला एका वाक्यात सगळं कळावं.

गोळी

सत्तरच्या दशकात हृदय निकामी होण्यावरच्या उपचारांत एक उलथापालथ चालली होती. थकलेल्या हृदयाला चाबूक मारण्यापेक्षा त्याच्यापुढचा अडथळा कमी करावा, रक्तवाहिन्या सैल कराव्यात, हा विचार रुजत होता. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे त्यातलं प्रभावी औषध. बावस्करांनी फुप्फुसात पाणी भरलेल्या विंचूदंशाच्या रुग्णांत ते वापरलं आणि त्याचा गुण दिसला. अडचण अशी की ते शिरेतून थेंबाथेंबानं द्यावं लागतं, बाटली उजेडापासून झाकावी लागते, आणि रक्तदाबावरची नजर क्षणभर हलवता येत नाही. शिवाय ते वापरायचं केव्हा, तर फेस आल्यावर. तोवर बरंच हातचं गेलेलं असतं.

प्राझोसिन ही तेव्हा रक्तदाबावरची गोळी म्हणून औषधाच्या दुकानात मिळू लागली होती. ती अल्फा ग्राहींतला पहिला उपप्रकारच रोखते. दुसरा उपप्रकार मज्जातंतूच्या टोकावर बसून ‘आता पुरे, आणखी नॉरॲड्रेनलिन सोडू नका’ असा निरोप देत असतो. प्राझोसिन त्याला हात लावत नाही. जुनी अल्फारोधक औषधं दोन्ही बंद करत, त्यामुळे वाहिनी सैल होई पण नॉरॲड्रेनलिनचा पूर वाढे. प्राझोसिनमध्ये तो घोटाळा टळतो, आणि इन्सुलिनवरचा दाबही कमी होतो. साखळीत हात घालायची जागा सापडली ती ही.

१९८६ साली ‘द लॅन्सेट’मध्ये बावस्करांनी प्राझोसिनचा अनुभव प्रसिद्ध केला. पद्धत अशी: मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, लहान मुलाला पाव मिलिग्रॅम, तोंडानं. दर तीन तासांनी पुन्हा, हातपाय कोरडे आणि गरम होईपर्यंत. पुढे मात्रा वजनावर आली, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवंच ठेवायचं, मुलाला कडेवर उभं घेऊन फिरवायचं नाही. उलट्या आणि घामानं गेलेलं पाणी भरून काढायचं. पाहायचं काय, तर दर अर्ध्या तासानं नाडी, रक्तदाब, श्वास, आणि हातापायांची ऊब.

उपचाराचं यश मोजायचं माप म्हणून ‘हातपाय गरम झाले का’ हे निवडणं, ही मला या प्रकरणातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. प्रयोगशाळा लागत नाही. हात लावला की कळतं. आणि ते माप यंत्रणेशी सरळ जोडलेलं आहे: तळवा गरम झाला याचा अर्थ वाहिन्यांची आवळण सुटली.

(वाचून कुणी घरी गोळी आणून ठेवू नये. कुणाला द्यायची, कुणाला नाही, हे टप्पा ओळखून ठरतं. जागेवर नुसतं दुखत असेल तर या गोळीचं काम नाही. तिथं भुलीचं इंजेक्शन आणि वेदनाशामक पुरतं. आणि रक्तदाब आधीच कोसळलेला असेल तर निर्णय अतिदक्षता विभागाचा असतो.)

मग मृत्यू खरोखर गोळीमुळे घटले का?

बावस्करांनी दिलेले आकडे असे: १९६१ ते १९८३ या काळात पश्चिम भारतातून गंभीर विंचूदंशात २५ ते ३० टक्के मृत्यू नोंदवले गेले, प्राझोसिन आल्यावर प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. हे आकडे भाषणांतून, सत्कारांतून, वर्तमानपत्रांतून इतके फिरलेत की त्यांच्याकडे चिकित्सेनं पाहणं उद्धटपणाचं वाटावं. तरी पाहू.

आधी आणि नंतर अशी तुलना केली की मध्ये बदललेलं सगळंच त्यात मिसळतं. ‘आधी’च्या काळात रुग्णांना गुंगीचं मिश्रण, ॲट्रोपिन, बीटा-ब्लॉकर मिळत होतं. ते बंद होणं हासुद्धा उपचारच. त्यानं किती जीव वाचले आणि प्राझोसिननं किती, हे वेगळं करता येत नाही. दुसरं, बावस्करांनी १९८२ नंतर आजूबाजूच्या डॉक्टरांना चिन्हं ओळखायला शिकवली, लोकांत बोलबाला झाला, रस्ते आणि वाहनं सुधारली. लोक लवकर येऊ लागले. जे पूर्वी घरीच बरे झाले असते तेही येऊ लागले. दवाखान्यात सौम्य रुग्णांची भर पडली की मृत्यूचं प्रमाण औषधाविनाही खाली उतरतं. मांत्रिकाच्या यशात ज्या गोष्टीनं भर घातली तीच इथंही काही प्रमाणात असू शकते.

मग गोळीच्या बाजूनं काय आहे? एक म्हणजे यंत्रणेशी तंतोतंत जुळणारा परिणाम. दुसरं, हातपाय थंड पडलेल्या, म्हणजे निश्चित दुसऱ्या टप्प्यात असलेल्या रुग्णांत काही तासांत ऊब परतताना दिसते. सौम्य रुग्णांच्या भरतीनं हे दिसणार नाही. तिसरं, पुदुच्चेरीसह इतर ठिकाणच्या डॉक्टरांनाही असाच अनुभव आला आणि त्यांनी ही पद्धत उचलली. माझं मत असं की प्राझोसिननं जीव वाचवले यात संशयाला जागा थोडी आहे. पण ३० वरून १ हा सगळा पल्ला त्या एका गोळीच्या खात्यावर टाकणं बरोबर नाही. त्यातला मोठा वाटा आजार लवकर ओळखण्याचा आणि घातक औषधं थांबवण्याचा असणार. गंमत अशी की तो वाटाही बावस्करांच्याच कामाचा आहे, फक्त १९८२ च्या.

प्राझोसिन विरुद्ध काहीच नाही, अशी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठीनं गट पाडून केलेली, चाचणी का झाली नाही? ज्यानं मुलं मरताना पाहिलीत आणि नंतर वाचताना पाहिलीत, तो डॉक्टर चिठ्ठी टाकून अर्ध्या मुलांना गोळी नाकारणार नाही. त्याला दोष देता येत नाही. पण त्याची किंमत होती: जवळजवळ पंचवीस वर्षं या उपचाराचा आधार अनुभव आणि आधी-नंतरची तुलना एवढाच राहिला.

लस आली

दरम्यान मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या औषध महामंडळानं लाल विंचवाच्या विषावर घोड्यांपासून तयार केलेली प्रतिविष लस बाजारात आणली. चिपळूणचे डॉ. विवेक नातू आणि सहकारी ती वापरून अनुभव प्रसिद्ध करू लागले. त्यांचा कौल लसीच्या बाजूनं होता. म्हणजे महाडला गोळी आणि चिपळूणला लस, मधे कशेडीचा घाट. दोघांकडचे रुग्ण तेच, विंचू तोच.

हा वाद कोकणापुरता नव्हता. १९९९ साली ट्युनिशियातून ‘द लॅन्सेट’मध्येच ८२५ रुग्णांची यादृच्छिक चाचणी आली होती. आबरूग आणि सहकाऱ्यांचा निष्कर्ष होता की विंचूदंशाच्या सरसकट रुग्णांना प्रतिविष देण्यानं फायदा होत नाही. दहा वर्षांनी, २००९ साली, अमेरिकेतल्या ॲरिझोनात लेस्ली बॉयर यांनी १५ गंभीर मुलांवर तिथल्या विंचवाचं प्रतिविष वापरून उलटं दाखवलं: लक्षणं झपाट्यानं ओसरली. दोन निकाल भांडताना दिसतात, पण ट्युनिशियातल्या चाचणीत गंभीर नसलेले बरेच जण होते. ज्याच्या रक्तात त्रास देण्याइतकं विषच फिरत नाही, त्याला प्रतिविष काय देणार? आणि दुसऱ्या टोकाला, ज्याचा ॲड्रेनलिनचा पूर येऊन हृदय आधीच जखमी झालंय, त्याचं विष निष्प्रभ करूनही जखम राहतेच. मधली एक फट आहे, तिथं प्रतिविषाचं काम.

२०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये महाडची चाचणी प्रसिद्ध झाली. करणारे बावस्कर दांपत्यच. दुसऱ्या टप्प्यातले ७० रुग्ण, वय सहा महिन्यांच्या वर. फुप्फुसात पाणी भरलेले वगळले. चिठ्ठीनं दोन गट: ३५ जणांना लस आणि प्राझोसिन, ३५ जणांना नुसतं प्राझोसिन. दहा तासांनी पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ३२, दुसऱ्यात ८. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ पहिल्या गटात ८ तास, दुसऱ्यात १७.७ तास. प्राझोसिनच्या मात्राही पहिल्या गटात कमी लागल्या. पुढच्या, अधिक गंभीर टप्प्यात जाणाऱ्यांच्या बाबतीत मात्र दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही.

जिच्यावर ज्यांचं नाव उभं आहे ती गोळी एकटी कमी पडते, असं दाखवणारी चाचणी त्यांनीच आखली, केली आणि छापली. चाचणीच्या मर्यादा सांगितल्या पाहिजेत: कुणाला काय दिलंय हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांना माहीत होतं, आणि घाम किंवा हातपायांची ऊब यांसारख्या खुणांत पाहणाऱ्याचा कल डोकावू शकतो. पण हा कल असलाच तर तो प्राझोसिनच्या बाजूनं असायला हवा होता. निकाल उलटा आला, म्हणून मी त्यावर जास्त विश्वास ठेवतो.

यंत्रणेच्या नजरेनं पाहिलं तर निकालात आश्चर्य नाही. विष रक्तात फिरत असेपर्यंत मज्जातंतू पेटत राहणार. प्राझोसिन फक्त त्याचा रक्तवाहिन्यांवरचा परिणाम रोखतं. लस पेटवणारा हात धरते, गोळी आग पसरू देत नाही. एकाच साखळीच्या दोन कड्या. नंतर पुदुच्चेरीच्या जिपमेर या वैद्यकीय संस्थेत मुलांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीतही, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, लस आणि प्राझोसिन एकत्र देणं नुसत्या प्राझोसिनपेक्षा सरस ठरलं.

अजून सुटलेलं नाही ते

७० रुग्णांच्या त्या चाचणीत फुप्फुसात पाणी भरलेले रुग्ण नव्हते, आणि मरण्याचा धोका खरा असतो तो त्यांनाच. त्यांच्या बाबतीत लसीचा किती उपयोग, हे तिच्यावरून सांगता येत नाही. तिथं अजूनही रक्तवाहिन्या सैल करणारी औषधं, हृदयाला जोर देणारं डोब्युटामिन, ऑक्सिजन आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वास यांवरच भिस्त आहे. हृदयाचा थकवा जबर दिसला तरी बहुतेकदा काही दिवसांत भरून येतो, हे प्रतिध्वनी-तपासणीत म्हणजे इकोत दिसतं. म्हणून पहिले दोन दिवस पार पाडणं हाच सगळा झगडा.

दुसरी अडचण विषाची. पश्चिम आणि दक्षिण भारतातल्या लाल विंचवांच्या विषातली प्रथिनं ताडून पाहिली तर ती सारखी निघत नाहीत. विंचू एकाच जातीचा, पण कोकणातला वेगळा, दख्खनच्या पठारावरचा वेगळा. एका भागातल्या विषावर बनवलेली लस दुसऱ्या भागात तेवढीच लागू पडेल का, हा प्रश्न म्हणून उरतोच. प्राझोसिनला हा प्रश्न पडत नाही. विषाची पाककृती बदलली तरी पुढची साखळी बदलत नाही: मज्जातंतू पेटतो, नॉरॲड्रेनलिन सुटतं, अल्फा ग्राही वाहिनी आवळतात.

डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. महाडमध्ये त्यांचा दवाखाना आहे. दुसऱ्या टप्प्यात हाती लागलेल्या रुग्णाला आता गोळी आणि लस दोन्ही द्यावीत, असं त्यांच्याच चाचणीवरून म्हणता येतं. लस मिळाली नाही तर गोळी लगेच सुरू करावी आणि रुग्णाला हलवतानाही दर तीन तासांची मात्रा चुकवू नये. प्रतिविषाची कुपी हाताशी नसलेल्या केंद्रात आजही उपचाराची सुरुवात एका स्वस्त गोळीनं आणि रुग्णाच्या तळव्यावर ठेवलेल्या हातानं होऊ शकते. तिथं गफलत होते ती बहुधा आधीच्या पायरीवर: घामानं भिजलेलं, उलटी केलेलं मूल ‘दुखत नाही म्हणतंय’ म्हणून घरी पाठवलं जातं.